आरेखकाची नजर

राजा दीनदयाळ म्हटले की हैदराबाद डोळ्यांपुढे येते: निजामाचा दरबार, झुली घातलेले हत्ती, मारलेल्या वाघामागे बंदुका घेऊन बसलेले साहेब. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना त्यांच्याविषयी वेगळीच आपुलकी आहे. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो इथे, होळकरांच्या इंदुरात. तेव्हा ते ‘राजा’ नव्हते. सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे आणि खर्चाचा अंदाज मांडायचा, ही त्यांची नोकरी. त्यांच्या शैलीचे मूळ मला दरबारात नव्हे, या नकाशांच्या टेबलावर दिसते.

जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात. १८६६ मध्ये ते इंदुरात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत, छायाचित्रणाकडे वळले. दुसरे तुकोजीराव होळकर आणि गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातले एजंट सर हेन्री डेली या दोघांनी त्यांना पाठबळ दिले. पुढे १८८२ च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचे ग्रिफिन यांचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले; त्यातली छायाचित्रे दीनदयाळांची.

ती चित्रे सावकाश पाहावीत. उंच वास्तू टिपताना कॅमेरा वर कलवला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. दीनदयाळांच्या चित्रांत त्या सहसा ओळंब्यात उभ्या असतात. मोठ्या प्लेट-कॅमेऱ्यात भिंगाची फळी वर सरकवून हे साधता येते, पण आधी ते खुपावे लागते, आणि नकाशे काढणाऱ्याला ते खुपणारच. पायरीवर किंवा कमानीखाली एखादा माणूस उभा केलेला असतो. तो शोभेसाठी नव्हे, वास्तूची उंची कळावी म्हणून. त्यांच्या आधी, १८६० च्या दशकात, सॅम्युअल बोर्न हिंदुस्थानात काम करत होता. त्याला झाडाची फांदी, तळ्यातले प्रतिबिंब, दूरची धूसर टेकडी यांचा मोह पडे. बोर्न चित्र रचतो, दीनदयाळ मोजतात. मला दीनदयाळ अधिक आवडतात, हे लपवत नाही.

पुढचा चढता आलेख सर्वांना ठाऊक आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी नेमणूक, सिकंदराबादचा स्टुडिओ, १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी इंग्रज बाईंच्या देखरेखीखालचा जनाना स्टुडिओ, १८९६ मध्ये मुंबईतली शाखा. ‘मुसव्विर जंग’ हा किताबही मिळाला. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक चित्र त्यांनी स्वतः काढले असणे शक्यच नव्हते, आणि म्हणून शैली कुणाची, असा प्रश्न जाणकार विचारतात. मला तो फारसा अडत नाही. शैली इथे शिस्तीच्या रूपात आहे, आणि शिस्त शिकवता येते. दरबारी समूहचित्रात मागच्या रांगेतल्या शागिर्दाचा चेहराही नवाबाच्या चेहऱ्याइतकाच स्पष्ट. कुणी धूसर नाही, कुणी कुणाच्या आड नाही.

ही समान नजर मला अस्वस्थ करते ती एका वेगळ्याच ठिकाणी. १८९९–१९०० चा दुष्काळ, आमच्या माळव्यात ज्याला अजून ‘छप्पनिया’ म्हणतात तो. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथल्या दुष्काळाची छायाचित्रे दीनदयाळांच्या नावावर आहेत. ती लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतल्या एकात उपासमारीने खंगलेली माणसे कॅमेऱ्यासमोर आणलेली आहेत. बरगड्या मोजता येतात. प्रकाश सपाट, तपशील लख्ख. कुठे धावपळ नाही, आकांत नाही. दरबारी समूहचित्राची सगळी शिस्त इथे जशीच्या तशी, फक्त अंगरखे नाहीत.

याला निर्दयपणा म्हणावे का? मी बराच काळ तसे म्हणत असे. आता वाटते, करुणा दाखवायला त्यांनी चित्र धूसर केले असते, एखादे रडते मूल पुढे आणले असते, तर ती माणसे आपल्या दयेचा विषय होऊन बसली असती. इथे ती सरळ आपल्याकडे बघतात, नवाब बघतात तशीच. पण ज्या सरकारी कामासाठी चित्र काढले गेले, त्याला या नजरेशी देणेघेणे नव्हते, हेही तितकेच खरे.

दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. दरबारातल्या बड्या असामी आजही नावानिशी ओळखता येतात. औरंगाबादच्या त्या चित्राखाली एकाही माणसाचे नाव नाही. इंग्रजीत मथळा आहे, त्याचा अर्थ: कृशतेचे नमुने.