लेकॉकची 'जॉर्ज इन' आणि तेथील श्वानचक्र

इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतल्या जुन्या पबांच्या दारावर कुत्र्यांचे स्वागत असल्याची पाटी आज सर्रास आढळते. ही त्या देशाची पुरातन रीत असून धन्यामागोमाग त्याचे कुत्रेही शेकोटीपाशी विसावत आले आहे, असा समज रूढ आहे. या समजाची परीक्षा करण्यास विल्टशर परगण्यातील लेकॉक गावची 'जॉर्ज इन' विशेष उपयुक्त आहे. कारण तेथील पुरावा कागदी नसून लाकडी आहे. 'पब' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. गुत्ता म्हणावे तर त्याला बदनामी चिकटलेली. धर्मशाळा म्हणावी तर तेथे मद्य नाही आणि दामही पडत नाहीत. गावकऱ्यांची बैठक, खानावळ आणि वाटसरूंचा मुक्काम ही तिन्ही अंगे जुन्या ग्रामीण 'इन'मध्ये एकवटलेली असत.

लेकॉक हे लोकरीच्या व कापडाच्या व्यापारावर वाढलेले गाव. सॉल्झबरीची काउंटेस एला हिने तेराव्या शतकात येथे जोगिणींचा मठ स्थापिला. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३९ मध्ये, तो बरखास्त होऊन खासगी मालकीत गेला. मठाची वास्तू व बहुतेक गाव मॅटिल्डा टॅल्बट यांनी १९४४ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केल्यामुळे तेथील घरांचे जुने रूप टिकून आहे. 'जॉर्ज इन' आपला आरंभ १३६१ पर्यंत मागे नेते, आणि तेव्हापासून तिला परवाना आहे असेही सांगितले जाते. यातील दुसरे विधान जपून घेतले पाहिजे. शांतता-न्यायाधीशांविषयीचा प्रसिद्ध कायदा १३६१ चाच आहे हे खरे. तथापि मद्यगृहांना परवाने देण्याचा अधिकार या न्यायाधीशांना सर्व देशभर मिळाला तो १५५२ च्या कायद्याने. सबब १३६१ हा आकडा फार तर वास्तूच्या प्राचीनतेविषयीची परंपरा म्हणून स्वीकारावा, परवान्याचा दाखला म्हणून नव्हे.

चुलीपाशी असलेल्या लाकडी चाकाची गोष्ट वेगळी. ते स्वतःच साक्षीदार आहे. उघड्या विस्तवावर मांस भाजताना ते सळईला टोचून सतत, एकसारख्या गतीने फिरवावे लागे. हात थांबला की एक बाजू करपे व दुसरी कच्ची राही. आरंभी हे काम पोरे करीत. पुढे ते कुत्र्यांकडे आले. भिंतीवर उंच, धगीपासून काहीसे दूर पोकळ चाक बसवीत, त्यात कुत्रे सोडीत, आणि त्याच्या चालण्याने फिरणाऱ्या चाकाची गती दोरीने किंवा साखळीने सळईच्या टोकाशी असलेल्या कप्पीला पोचवीत. लांबट अंगाची, आखूड पायांची एक जातच या कामासाठी प्रसिद्ध होती. पुष्कळ ठिकाणी दोन कुत्री पाळीपाळीने राबत.

या जातीचा महत्त्वाचा लेखी उल्लेख जॉन कीज या केंब्रिजच्या वैद्याच्या ब्रिटनमधील श्वानांवरील लॅटिन ग्रंथात (१५७०) आहे. अब्राहम फ्लेमिंगने १५७६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. कीजने केलेली वर्गवारी श्वानशास्त्रापेक्षा समाजशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. शिकारी कुत्र्यांच्या आणि कुलीन स्त्रियांच्या मांडीवरील लहानग्या कुत्र्याच्या वाट्याला उच्च वर्ग येतो. सळई फिरवणारे कुत्रे मात्र हलक्या, संकरित गणात पडते. एवढे असूनही स्वयंपाकघरातील कोणताही हरकाम्या हे काम त्याच्याहून कौशल्याने करणार नाही, अशी कबुली कीज देतो. मालकाची उतरंड अशी कुत्र्यांतही उतरली होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही प्रथा जिवंत होती. हेन्री विगस्टेडच्या १७९७ मधील वेल्स-प्रवासाच्या वृत्तांतासाठी टॉमस रोलंडसनने न्यूकॅसल एम्लिन येथील पांथशाळेचे स्वयंपाकघर रेखाटले. त्यात भिंतीवरच्या चाकात कुत्रे स्पष्ट दिसते. त्यानंतर वजनावर व धुराच्या झोतावर चालणारी यंत्रे स्वस्त झाली, बंदिस्त लोखंडी चुली आल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही जात जवळजवळ नामशेष झाली. काम संपताच कोणी ती पोसली नाही. अशा एका कुत्र्याचे पेंढा भरलेले शरीर वेल्समधील ॲबरगॅवेनी येथील संग्रहालयात जतन केले आहे.

मद्यगृहातील इतर कुत्र्यांचे जिणेही सुखाचे नव्हते. बैल, अस्वल व कुत्री यांच्या झुंजी मद्यगृहांच्या आश्रयाने चालत. १८३५ च्या कायद्याने त्यांना बंदी झाली, तरी लंडनमधील काही मद्यगृहांत उंदीर मारण्याच्या पैजा पुढेही चालू राहिल्या. न्यूकॅसलचे श्वानप्रदर्शन (१८५९) व केनेल क्लबची स्थापना (१८७३) यांतून मात्र वंशशुद्ध, घरंदाज कुत्र्याची नवी प्रतिष्ठा उभी राहिलेली दिसते. सोबती म्हणून पबात येणारे कुत्रे हे चाकातल्या कुत्र्याचे नव्हे, तर या दिवाणखान्यातील कुत्र्याचे वारस होय.

त्याच्या स्वागतामागे व्यवहारही आहे. १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या व ग्रामप्रवेशाच्या कायद्याने रानवाटांवरील पदभ्रमणाला बळ मिळाले, आणि पायी फिरणाऱ्याबरोबर बहुधा कुत्रे असते. उलट १९६७ मध्ये मद्यपान करून मोटार हाकण्यावर मोजमापाचे निर्बंध आले व २००७ मध्ये इंग्लंडच्या पबांत धूम्रपानबंदी झाली. केवळ पिणाऱ्यांवर विसंबणे ग्रामीण पबांना कठीण होत गेले. दुपारच्या भोजनाला येणारे पांथस्थ दारातून परतवणे त्यांना परवडणारे नव्हते, असे अनुमान यावरून निघते.

आजचा कायदा या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. गिऱ्हाइकांच्या बैठकीत कुत्र्याला येऊ द्यावे की नाही, हे सामान्यतः पबचालक ठरवतो. अंधांना वाट दाखवणाऱ्या व तत्सम साहाय्यक श्वानांना २०१० च्या समता कायद्याचे संरक्षण आहे. परंतु जेथे अन्न शिजते व साठवले जाते, त्या जागी पाळीव प्राण्यांचा प्रवेश रोखणे हे आरोग्यविषयक नियमांनी बंधनकारक केले आहे. लेकॉकच्या पांथशाळेत कुत्र्यासह येणाऱ्याला मज्जाव नाही. चाकाची चूल आता बैठकीचा भाग झाली आहे, म्हणून कुत्रे तिच्यापाशी बसू शकते. स्वयंपाक चालतो त्या खोलीत ते जाऊ शकत नाही.