आजीपेक्षा चार वर्षांनी मोठा: मेन्स्ट्रुअल कपची उशिरा पोचलेली गोष्ट

आज गोष्ट एका पातेल्यापासून सुरू करते.

आमच्या घरी एक छोटं स्टीलचं पातेलं आहे, बुडाला जरा चेपलेलं. वर्षभरापूर्वीपर्यंत त्यात एका माणसाचा चहा व्हायचा. आता ते माझ्या कपाटात टॉवेलांच्या मागे असतं आणि महिन्यातून एकदा बाहेर येतं. त्यात मी माझा मेन्स्ट्रुअल कप उकळते. पहिल्यांदा ते गॅसवर ठेवलं तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "अगं, समोर देवघर आहे!" आणि मग आवाज खाली आणून, "आणि लग्नाआधी हे असलं आत घालायचं? कुणी सांगितलं तुला?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. मी इतिहासाचा पॉडकास्ट करते, म्हणून वाद झाला की मी आधी तारखा शोधायला बसते. मला वाटत होतं, कप म्हणजे इन्स्टाग्रामच्या जाहिरातींतून आलेली काल-परवाची वस्तू. शोधल्यावर कळलं, ती माझ्या आजीपेक्षा मोठी आहे. आजीचा जन्म १९४१ चा. रबरी कपचं अमेरिकन पेटंट १९३७ चं. मग प्रश्न पडला, जी वस्तू आजीच्या जन्माआधी तयार होती, ती माझ्यापर्यंत यायला ऐंशी वर्षं का लागली? आजचा भाग याच प्रश्नावर आहे.

तर १९३७. अमेरिकेत लिओना चाल्मर्स नावाची एक अभिनेत्री होती. रंगमंचावर काम करणाऱ्या बाईला पाळीचे चार दिवस सुट्टी मिळत नाही. तोपर्यंत पॅड बाजारात आले होते. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखं एक साहित्य बनवलं जायचं. युद्ध संपल्यावर त्याचेच पॅड करून 'कोटेक्स' नावाने विकायला सुरुवात झाली. पण तेव्हाच्या पॅडला मागे चिकटपट्टी नव्हती. कमरेला पट्टा बांधायचा आणि पॅड त्याला पिनांनी अडकवायचं. चाल्मर्सच्या पेटंटमध्ये हीच अडचण लिहिली आहे. पातळ, अंगाबरोबर बसणारे कपडे घातले तरी पट्टा, पिना, बकल दिसू नयेत, असं काहीतरी तिला हवं होतं. तिने घंटेच्या आकाराचा मऊ रबरी कप बनवला. तो घडी करून योनीमार्गात घालायचा, आत तो उघडतो, भिंतींना टेकून बसतो आणि रक्त शोषून न घेता साठवतो. बाहेर काढायचा, रिकामा करायचा, धुवायचा, परत वापरायचा. आज मी वापरते त्या कपचं तत्त्वही हेच आहे. बदललाय फक्त माल.

आता याच दशकातली दुसरी वस्तू बघा. अर्ल हास नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९३३ मध्ये टॅम्पॉनचं पेटंट मिळवलं. पुढे त्याचाच 'टॅम्पॅक्स' झाला. म्हणजे दोन्ही वस्तू जवळजवळ एका वयाच्या. टॅम्पॉन जगभर गेला, कप मागे पडला. मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण रबर. नैसर्गिक रबर तेव्हा मुख्यतः मलाया आणि डच ईस्ट इंडीजमधून, म्हणजे आजच्या मलेशिया-इंडोनेशियातून यायचं. १९४२ च्या सुरुवातीला जपानने हा सगळा पट्टा घेतला. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं. अमेरिकेत रबराचा तुटवडा झाला. जे होतं ते लष्करी गाड्या-विमानांच्या टायरना. बायकांच्या कपाला कोण विचारणार? उत्पादन थांबलं. गंमत म्हणजे त्याच युद्धाने कपचा पुढचा जन्मही तयार करून ठेवला. लष्कराला सिलिकॉन हवं होतं, त्यासाठी १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली आणि सिलिकॉनचा उद्योग सुरू झाला. पण त्याचा कप बनायला अजून जवळजवळ साठ वर्षं होती.

दुसरं कारण धंदा. पन्नासच्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट ऑरेक या उद्योजकाने चाल्मर्सचा कप 'टॅसेट' या नावाने पुन्हा बाजारात आणला. जाहिराती केल्या, नर्सेसना कप वापरून बघायला दिले. पण एक साधं गणित आडवं आलं. पॅड घेणारी बाई दर महिन्याला दुकानात परत येते. कप घेणारी बाई वर्षानुवर्षं येत नाही. जाहिरातीचा खर्च मात्र सारखाच. १९६३ च्या सुमारास टॅसेट बंद पडलं. मग सत्तरीच्या दशकाच्या तोंडावर 'टॅसवे' नावाचा कप आला, तो तर वापरून फेकून द्यायचा होता! कपची मूळ कल्पनाच उलटी करून बघितली, तरी तोही टिकला नाही.

आणि तिसरं कारण हात. कोटेक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत बायकांना दुकानदाराकडे पॅड मागायची लाज वाटायची, म्हणून काउंटरवर पैसे टाकायचा डबा ठेवायचे. पैसे टाका, खोका उचला, तोंड उघडू नका. हासच्या टॅम्पॉनला पुठ्ठ्याची नळी होती, म्हणजे आत ढकलताना शरीराला बोट लावायला नको. बाजाराने लाजेवर उपाय विकला. कप नेमकं उलटं मागतो. त्याला घडी करून स्वतःच्या हाताने आत घालायचं, बोटांनी बूड दाबून हवेची पकड सोडवायची आणि बाहेर काढून आपलं रक्त आपल्या डोळ्यांनी बघायचं. ज्या काळात या विषयावर मोठ्याने बोलता येत नव्हतं, त्या काळात हे कोण कुणाला शिकवणार?

वारं फिरलं ते १९८० मध्ये. अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या तरुण बायका टॉक्सिक शॉक सिंड्रोम या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराने दगावू लागल्या. 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन त्या सप्टेंबरात बाजारातून मागे घेतला गेला. आपण शरीरात नक्की काय घालतोय, हा प्रश्न बायका उघडपणे विचारू लागल्या होत्या. १९८७ मध्ये अमेरिकेत 'द कीपर' हा रबरी कप आला. मग २००२ मध्ये ब्रिटनमधून वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा 'मूनकप' आला. सिलिकॉनमुळे रबराच्या अ‍ॅलर्जीचा प्रश्न मिटला, कप उकळता येऊ लागला, आणि तो अनेक वर्षं टिकतो. आज ऑनलाइन दिसणारे बहुतेक कप याच वाटेने आलेत.

आता अमेरिकेतून पुण्यात येऊ. कारण मी कपकडे वळले ती हा इतिहास वाचून नाही.

आमच्या सोसायटीत सकाळी कचरा घ्यायला एक ताई येतात. एकदा मला उशीर झाला म्हणून पिशवी घेऊन मी खाली धावले. ताई जमिनीवर बसून कचरा वेगळा करत होत्या. त्यांनी वर्तमानपत्राचा एक पुडा उचलला, आत भंगारात जाईल असं काही असेल म्हणून उघडला आणि काही न बोलता परत गुंडाळला. तो पुडा माझा होता. त्यांच्या हातात मोजे नव्हते. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

पुण्यात हा प्रश्न कचरावेचक बायकांनी स्वतः उचललाय, हे मला नंतर कळलं. त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे आणि त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचा माल आहे, तुम्हीच बघा काय करायचं ते! २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पॅडसोबत ते गुंडाळायला पाकीट द्यावं, असं आलं. पुढच्या वर्षी 'रेड डॉट' मोहीम झाली. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला पुडा उघडावा लागणार नाही. एका लाल पेनाचं काम. माझ्या पुड्यावर तो ठिपका नव्हता.

त्या रात्री मी हिशोब केला. महिन्याला बारा पॅड, वर्षाचे १४४. पस्तीस वर्षं धरली तर ५,०४० पॅड. बहुतेकांत प्लास्टिक. एकट्या माझे. आणि त्यातला प्रत्येक कुणीतरी उचलणार.

सरकारांनीही या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. आपल्याकडे २०१८ मध्ये अस्मिता योजना आली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत आठ पॅडचं पाकीट. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. ज्या मुलीकडे काहीच नव्हतं तिच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण केरळने २०१९ मध्ये दुसरा प्रयोग केला. आलप्पुळा शहरात 'तिंकळ' प्रकल्पातून ५,००० कप मोफत वाटले आणि ते कसे वापरायचे हे शिकवलंही. २०२२ च्या जानेवारीत कोचीजवळची कुंबळंगी ही पंचायत देशातली पहिली सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून जाहीर झाली. म्हणजे कप ही फक्त शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या मुलींची वस्तू आहे, असं म्हणायला जागा उरली नाही.

आता खरं सांगते, पहिले दोन महिने माझे हाल झाले. पहिल्या दिवशी पाऊण तास बाथरूममध्ये होते. कप हातातून सुटून भिंतीवर आपटला. बसला असं वाटलं तेव्हा नीट उघडलाच नव्हता, लेक्चरमध्ये डाग पडला. काढताना घाबरले, घाबरल्यावर स्नायू आवळले, आवळल्यावर तो अजून वर गेला. तेव्हा फोनवर एक मैत्रीण म्हणाली, "श्वास सोड. तो कुठे हरवत नाही, आत रस्ता बंद असतो." खरंच, वर गर्भाशयाचं तोंड असतं, कप त्यापलीकडे जात नाही. तिसऱ्या पाळीला जमलं. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यातही हेच आहे. सवय व्हायला काही पाळ्या जातात, आणि ज्या अभ्यासांत विचारलं गेलं त्यांत साधारण ७० टक्के बायकांना कप पुढेही वापरायचा होता. म्हणजे बाकीच्यांना नव्हता. तेही ठीकच आहे.

दोन-चार गोष्टी मात्र लक्षात ठेवा. हात धुतल्याशिवाय कपला हात लावायचा नाही. बारा तासांच्या आत रिकामा करायचाच, कारण टॉक्सिक शॉक कपमुळेही होऊ शकतो, जरी अशा केसेस अगदी मोजक्या असल्या तरी. पाळी संपली की उकळायचा. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, ओढताना ती निसटू शकते. आणि ज्या मुलीला कडी लागणारं बाथरूम आणि पुरेसं पाणी मिळत नाही, तिला "पॅड का वापरतेस" असं विचारायच्या भानगडीत पडू नका.

आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. लग्नाआधी आत घालायचं? कौमार्यपटल म्हणजे बाटलीचं सील नव्हे. ती योनीमुखाजवळची लवचीक घडी असते, प्रत्येकीची वेगळी. ती बघून कुणाच्या आयुष्याबद्दल काही सांगता येत नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी स्पष्ट म्हटलं की कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही, ती बंद करा. त्याच वर्षी आपल्याकडे कंजारभाट समाजातली तरुण मुलं-मुली लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध, स्वतःच्या जातपंचायतीसमोर उभी राहिली. त्यांच्या धाडसापुढे माझं पातेलं काहीच नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं, तारखांसकट. तिने ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "गॅसवर ठेवायचं तर सकाळी नको, दुपारी ठेव."

आजी शेजारी लसूण सोलत बसली होती. तिला मी कप दाखवला. तिने चष्मा वर करून तो उलटसुलट बघितला, दाबून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे धुवायचं आणि परत वापरायचं? आम्ही दुसरं काय करत होतो? आमच्या घड्या धुऊन दांडीवर टाकायचो आणि वर साडी टाकायची, कुणाला दिसायला नको म्हणून. ऊनच लागायचं नाही. पावसाळ्यात तर ओल्याच घ्यायच्या. खाज सुटायची, पण सांगायचं कुणाला?" थोडं थांबून तिने विचारलं, "हा वाळत कुठे घालतेस?"

मी म्हटलं, "बाथरूमच्या खिडकीत. उघड्यावर."

"बरं करतेस," ती म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

मंडळी, आजचा भाग इथेच थांबवते. तुम्ही पॅड वापरा, कापड वापरा, कप वापरा, ज्याची त्याची सोय. पण पॅड टाकणार असाल तर कागदात गुंडाळा आणि वर लाल पेनाने एक ठिपका नक्की काढा. आणि मुलग्यांनो, तुम्ही इथपर्यंत ऐकलं असेल तर उद्या घरातला कचरा खाली न्यायचं काम तुमचं.

भेटू पुढच्या भागात.