उंबरठ्याच्या आंतील गुन्हा

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वरणगांव लागतें. १८६२ मध्यें भारतीय दंडसंहिता अमलांत आली, ती खानदेशांतील या गांवासहि लागू झाली. पत्नीला मारण्याची मुभा तिनें पतीला कोठेंच दिलेली नव्हती. परक्यानें मारलें काय किंवा नवऱ्यानें मारलें काय, दुखापतीचा गुन्हा एकच. मग घरांतील मारहाणीचें गाऱ्हाणें न्यायासनापर्यंत पोहोंचणें इतकें अवघड कां?

उत्तर कायद्याच्या रीतींत आहे. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा. पोलिसांनीं तक्रार वहींत नोंदवावी आणि बाईस मॅजिस्ट्रेटकडे पाठवावें. त्याच्या हुकुमावांचून तपास नाहीं. वरणगांवच्या स्त्रीनें तालुक्याच्या गांवीं, भुसावळास, जावें, वकील द्यावा, साक्षीदार आणावे. साक्षीदार कोण? सासू, दीर, जाऊ! आणि दिवेलागणीस परतायचें तें त्याच घरीं. कायद्याला जखम दिसत होती; घर दिसत नव्हतें.

१९८२ सालच्या पुण्यांतील सारडा खटल्यानें ही उणीव स्पष्ट केली. लग्नानंतर चार महिन्यांत एक नवविवाहिता मृत आढळली. बहिणीस व मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रांत तिनें आपलें दुःख सांगितलें होतें. सत्र न्यायालयानें पतीस फांशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयानें ती कायम केली. परंतु आत्महत्येची शक्यता उरते म्हणून १९८४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यास निर्दोष सोडलें. संशयाचा फायदा आरोपीस मिळावा, हें न्यायाचें तत्त्वच आहे. पण घटना घडली त्या वेळीं घरांतील क्रौर्यासाठीं स्वतंत्र कलमच नव्हतें.

देशभरांतील स्त्री-संघटनांच्या चळवळीनंतर १९८३ च्या डिसेंबरांत कलम ४९८-अ आलें. पति व त्याचे नातेवाईक यांनीं केलेलें क्रौर्य, शारीरिक असो वा मानसिक, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र झालें, आणि स्त्रीच्या अथवा तिच्या माहेरच्यांच्या तक्रारीवर पोलिसांस स्वतः तपास करतां येऊं लागला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचीं कलमें ८५ व ८६ त्याच्या जागीं आहेत.

तरीहि फिर्याद केल्यावर राहायचें कोठें, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर २६ ऑक्टोबर २००६ रोजीं अमलांत आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें दिलें. घर कोणाच्याहि नांवावर असो, तेथें राहण्याचा हक्क स्त्रीस मिळाला. मॅजिस्ट्रेटचा संरक्षण आदेश मोडणें हाच गुन्हा ठरला.

कायद्यास उंबरठा ओलांडण्यास १२१ वर्षें लागलीं. आतां शेजाऱ्यालाहि संरक्षण अधिकाऱ्यास खबर देतां येते, आणि ती सद्हेतूनें दिली तर त्याच्यावर कसलेंहि दायित्व येत नाहीं. भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकून कान झांकून घेण्यास म्हणूनच आतां सबब उरलेली नाहीं.