शिळ्या पोळीचा लाडू आणि हंगेरीचा ‘माकोश गुबा’: शिळं कधी चालतं, कधी नाही?

रात्रीच्या तीन-चार पोळ्या उरल्या की पुण्यातल्या अनेक घरांत सकाळचा नाश्ता ठरलेला असतो. तिखट हवं असेल तर फोडणीची पोळी, गोड हवं असेल तर पोळीचा लाडू. पोळ्या कुस्करायच्या, तुपात गूळ जेमतेम विरघळवायचा, वेलदोडा घालून लाडू वळायचे. गुळाचा पाक होऊ द्यायचा नाही, नाहीतर लाडू दगड होतात.

साधारण हीच युक्ती युरोपात हंगेरीतही आहे. तिथे ‘किफ्ली’ नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव मिळतो. तो शिळा झाला की चकत्या करून गोड गरम दुधात भिजवतात आणि वर दळलेली खसखस व पिठीसाखर घालतात. हा ‘माकोश गुबा’. ‘माकोश’ म्हणजे खसखशीचा. तो विशेषतः नाताळात होतो. खसखशीचे असंख्य दाणे घरात भरभराट आणतात, असा तिथला समज. शिळ्या पावाचाच आणखी एक प्रकार आहे ‘माग्यराकाश’: पाव, सफरचंद आणि जर्दाळूच्या जॅमचे थर, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. नावाचा अर्थ होळीसाठी रचलेली लाकडं!

शिळाच पाव का लागतो?

ताजा पाव दुधात टाकला की लगदा होतो. शिळा पाव दूध पितो, पण आकार सोडत नाही. पाव फक्त वाळल्यामुळे शिळा होतो, हा गैरसमज आहे. भाजताना फुगलेला पिठातला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरतो. त्यामुळे डब्यात बंद ठेवलेला पावही कडक होतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. म्हणजे पाव मऊ राहावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवणं उलटंच पडतं. फ्रीझरमध्ये मात्र ती जवळपास थांबते. गरम केल्यावर ही रचना बरीचशी सैल होते. तव्यावर शिळी पोळी पुन्हा मऊ होते ती त्यामुळेच.

पुण्यात करायचा तर?

किफ्लीऐवजी बेकरीतला लादीपाव चालतो, एक-दोन दिवसांचा. 4 पावांच्या बोटभर जाडीच्या चकत्या करून मंद आचेवर थोड्या कोरड्या भाजाव्यात. 2 कप दुधात 2 चमचे साखर आणि थोडा व्हॅनिला घालून ते गरम करावं आणि चकत्यांवर ओतावं. पाव ओला व्हावा, पोहू नये. 4 मोठे चमचे खसखस हलकी भाजून मिक्सरमध्ये कोरडीच दळावी, तितकीच पिठीसाखर मिसळून थराथरांत पेरावी. ओव्हन असेल तर 180 अंशांवर 15 मिनिटं, नसेल तर झाकण ठेवून मंद वाफ.

हंगेरीतली खसखस निळसर-करडी असते. आपली, अनारशांवरची, पांढरी. चव थोडी सौम्य लागते, पण पदार्थ बिघडत नाही. भारतात अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातच, सरकारी परवान्याने होते. खसखस त्याच बोंडांतलं बी. दुबईला जाताना मात्र सामानात ती नेऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे.

शिळं आणि खराब यांत फरक

मराठीत ‘शिळं’ म्हणजे कालचं. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला तर आदल्या दिवशीचं अन्न मुद्दाम खातात. पण कालचं आणि बिघडलेलं यांतली गल्लत महागात पडते, खास करून पुण्याच्या पावसाळी दमट हवेत. पावावर हिरवा ठिपका दिसला की तेवढाच तुकडा काढून बाकीचा वापरण्याची सवय अनेकांना असते. मऊ पावात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खूप आत गेलेले असतात आणि काही बुरशींची विषं भाजल्यानेही नष्ट होत नाहीत. अख्खा पावच टाकावा.

दुसरी खूण कमी लोकांना माहीत असते. पाव तोडल्यावर आत चिकट तार सुटत असेल आणि पिकून गेलेल्या फळासारखा वास येत असेल, तर तो जिवाणूंचा प्रताप. त्यांचे बीजाणू बेकरीच्या भट्टीतही तग धरतात आणि उष्ण, दमट हवेत वाढतात. बाहेरून असा पाव अगदी ठीक दिसू शकतो. पोळीचंही तेच: आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आला असेल तर ना फोडणीने वाचते, ना गुळाने.