अ‍ॅल्युमिनियमची गोळी

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातला युरिया वाढतो, हे आपण ऐकलेले असते. फॉस्फेटचे नाव सहसा कोणी काढत नाही. दूध, मांस, डाळी, कोला यांतून ते रोज पोटात जाते, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस करूनही सगळे निघत नाही. साठलेल्या फॉस्फेटमुळे हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत चुना बसतो. म्हणून त्याला आतड्यातच पकडून शौचावाटे बाहेर काढणारे औषध जेवणाबरोबर घ्यायचे.

१९४१ साली असे औषध म्हणून मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांना अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आम्लपित्तावरचे हे साधे औषध रक्तात शोषले जात नाही, असा समज होता. तो जवळजवळ बरोबर होता! जे किंचित शोषले जाते ते निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते. या रुग्णांची नेमकी तीच वाट बंद. आवक थोडी, जावक शून्य. साठा किती होईल हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा?

पण हिशेब दिसायला रुग्ण वर्षानुवर्षे जगायला हवा होता. मार्च १९६० मध्ये सिअ‍ॅटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स यांच्या हातात टेफ्लॉनची नळी बसवली आणि कायमचे डायलिसिस शक्य झाले. शील्ड्स अकरा वर्षे जगले.

१९७२ साली डेन्व्हरच्या डॉ. आल्फ्री यांनी एक विचित्र आजार नोंदवला. डायलिसिसवरचे रुग्ण आधी बोलताना अडखळत, मग झटके, स्मृतिभ्रंश, मृत्यू. १९७६ मध्ये त्यांच्याच गटाला या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम सापडले. बराचसा दोष डायलिसिसच्या पाण्याचा होता, आणि ते शुद्ध करता आले. गोळ्या मात्र चालूच राहिल्या, कारण हाताशी तितके प्रभावी दुसरे काही नव्हते.

ऐंशीच्या दशकात कॅल्शियम कार्बोनेट आले. त्याने मेंदू वाचला, पण २००० साली डायलिसिसवरच्या तरुणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचलेले दिसले, आणि या गोळ्यांवर संशय आला. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला सेव्हेलॅमर हा बहुवारिक, त्यात धातूच नाही. पुढे लॅन्थॅनम आणि लोहाची औषधे आली. २०२३ मध्ये मान्य झालेले टेनापॅनॉर तर फॉस्फेट पकडतच नाही. आतड्याच्या पेशींमधल्या फटीच आवळते.

या औषधांनी फॉस्फेट उतरते, यात वाद नाही. आयुष्य वाढते का, हे मात्र कोणत्याही चाचणीने अजून निर्विवाद सिद्ध केलेले नाही. रुग्ण ताटावर बसताना गोळ्या मोजून घेतो, दर जेवणाला.