माणूस हजर करा!

आमच्या महाडच्या चवदार तळ्याचा लढा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. न्यायालयात दाद मागण्याच्या ३२ व्या कलमाला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले. बेकायदा डांबलेला माणूस समोर आणायला लावणारा हेबिअस कॉर्पस याच हक्कातला.

परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्फोटप्रकरणी पकडला गेला. जानेवारीत तो पळाल्याचे पोलिसांनी सांगितले. आईवडिलांनी उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. सीआयडी तपासात पलायनाची हकिकत खोटी ठरली. २०१२ मध्ये आई आसिया बेगम यांना २० लाखांची भरपाई मंजूर झाली. मय्यत मात्र मिळाली नाही.

अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे, असे २२ वे कलम सांगते. वर्गात मी ते पाठ करून घेते.