दप्तर पाठीवर आले त्याची गोष्ट

लॅपटॉप घालून पाठीवर घ्यायच्या पिशवीला मराठीत रुळलेला देशी शब्द नाही. ‘पाठपिशवी’ कुणी बोलत नाही. सारे ‘सॅक’ म्हणतात. हा शब्द बहुधा सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या रकसॅक-हॅवरसॅकमधून पुढचे अर्धे गळून आपल्याकडे उरला. रकसॅक म्हणजे जर्मन बोलीतले पाठीवरचे पोते. हॅवरसॅक म्हणजे घोडेस्वाराने जवळ बाळगायची ओटची थैली. दोन्ही शब्द डोंगरातले आणि छावणीतले. कचेरीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

आपल्याकडे शब्दांची वाण होती असे मात्र नव्हे. खांद्यावरून पुढेमागे लोंबणारी दुतोंडी पडशी होती, भिक्षेकऱ्याची झोळी होती, बोचके, गाठोडे, वळकटी होती, दोन्ही बाजूंचा भार तोलणारी कावड होती. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे परतले ते गंगेची कावड घेऊन. पण ते धर्मकृत्य. एरवी अंगावर ओझे घेणे हे प्रतिष्ठिताचे लक्षण मानले जात नसे. ओझे वाहायला माणसे असत, आणि ती कोणी असायची हे जन्मानेच ठरलेले असे. महार वतनदारांकडून अपेक्षिलेल्या कामांत सरकारी अंमलदाराचे सामान वाहून नेणे हेही होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले, त्यामागे अशा अमर्याद राबवणुकीचा इतिहास होता. पिशवीच्या इतिहासात हे कशाला, असे कुणी विचारील. आमच्या मते पिशवीचा इतिहास हा मुळात ‘ओझे कोणी वाहायचे’ या प्रश्नाचाच इतिहास आहे. रेल्वेने २०१६ च्या अर्थसंकल्पात कुलीला ‘सहायक’ म्हणायचे ठरवले. नाव पालटले, डोक्यावरच्या पेट्या तेवढ्याच राहिल्या.

या प्रश्नाचे एक नमुनेदार उत्तर जपानने दिले. तोक्योतील गाकुशुइन ही सरदार-उमरावांच्या मुलांची शाळा. मुले गाडीतून येत, वह्यापुस्तके नोकर वाहत. १८८५ साली शाळेने हे बंद केले: शाळेत सारे समान, आपले सामान ज्याने त्याने आणावे. त्यासाठी लष्करी धर्तीची पाठीवरची पिशवी आली. तिचे ‘रांदोसेरु’ हे नाव ‘रान्सेल’ या डच शब्दावरून आलेले. १८८७ मध्ये इतो हिरोबुमी यांनी राजपुत्र योशिहितो यांना अशी चामडी पिशवी भेट दिली आणि पुढे ती साऱ्या देशाच्या मुलांची झाली. राजपुत्राच्या पाठीवर ओझे देणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हे.

अमेरिकेतली वाट वेगळी, अधिक बाजारी. तेथे १९३८ च्या सुमारास गेरी कनिंगहॅमने पिशवीला झिप लावली, १९५२ मध्ये डिक केल्टीने ॲल्युमिनियमची चौकट देऊन भार खांद्यांवरून कमरेकडे नेला. सिएटलच्या जानस्पोर्ट या १९६७ च्या कंपनीच्या छोट्या सॅक तिथल्या विद्यापीठाच्या भांडारात विकल्या जाऊ लागल्या आणि पावसाळी गावातल्या विद्यार्थ्यांनी त्यांत पुस्तके भरली. डोंगरातली वस्तू वर्गात आली ती अशी.

आता संगणक. १९८१ चा ऑस्बोर्न-१ ‘वाहून नेता येण्याजोगा’ म्हणून विकला गेला. वजन सुमारे ११ किलो. १९८५ चा तोशिबा टी-११०० सुमारे ४ किलोंचा. २००८ मध्ये १.३६ किलोंचा मॅकबुक एअर कागदी लिफाफ्यातून काढून दाखवला गेला. यंत्र हलके होत गेले म्हणून माणूस हलका झाला, असे काही घडले नाही. चार किलोंचे यंत्र टेबलावर ठेवून घरी जाता येत असे. सव्वा किलोचे ठेवून जायला सबब सापडत नाही.

येथे ‘दप्तर’ हा शब्द आठवावा. मूळ अर्थ कागदपत्रांचा संग्रह. पेशवे दप्तरातले कागद आजही ‘रुमालां’त मोजले जातात. हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरीच. आपण तो शब्द शाळकरी पोराच्या पिशवीला दिला. त्या पिशवीचे ओझे आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या आपल्या पहिल्या भाषणात मांडले, यशपाल समितीने १९९३ मध्ये त्यावर अहवाल दिला, आणि २०२० च्या केंद्रीय धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांत बसवले. मोठ्यांच्या दप्तराला अशी मर्यादा कुणी घातलेली नाही. कचेरी मात्र अक्षरशः पाठीवर आली आहे.

मुलांचाच नियम आम्ही स्वतःला लावून पाहिला. साठ किलोंच्या प्राध्यापकाला सहा किलो. लॅपटॉप दोन, चार्जर पाव ते अर्धा, भरलेली बाटली एक, डबा एक, छत्री, दोन ग्रंथ. आणि रिकामी सॅकच एक किलोची. उत्तरपत्रिकांना जागा उरत नाही. विमानप्रवासात हातसामानाची मर्यादा देशांतर्गत उड्डाणांत बहुधा सात किलो असते, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून सॅक निवडताना ती किती मावून घेते हे पाहू नये. रोजच्या प्रवासाला वीस-बावीस लिटर पुरे. मोठी पिशवी घेतली की भरली जातेच, हा घरातल्या कपाटांचा नियम येथेही लागू.

लॅपटॉपचा कप्पा पाठीलगतच असावा; जड वस्तू पाठीपासून दूर गेली की खांदे मागे खेचले जातात आणि माणूस पुढे वाकतो. त्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून बोटभर वर हवा, नाहीतर जमिनीवर टेकवताना धक्का थेट यंत्राला बसतो. पंधरा इंच हे माप पडद्याच्या कर्णाचे असते, यंत्राच्या लांबीरुंदीचे नव्हे, यावर पुष्कळांची फसगत होते. पट्टे रुंद व भरीव असावेत. कापड पाणी अडवते, पण चेनीतून पाणी शिरतेच. कोकण-मुंबईच्या पावसात वेगळे आवरण लागते. लोकलच्या गर्दीत सॅक पाठीवर ठेवणे हा सहप्रवाशाचा गुन्हा. ती छातीशी घ्यावी लागते, म्हणून फुगीर सॅक तेथे निकामी. एका खांद्यावरच्या शबनमचा आमच्या पिढीला जिव्हाळा आहे, तिच्यात कवितेची वही शोभतेही. दोन किलोंचा लॅपटॉप शोभत नाही.

दुकानात टांगलेल्या सॅकमध्ये कागदाचे बोळे भरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक सॅक डौलदार दिसते. ते बोळे काढायला लावावेत, आपला लॅपटॉप, बाटली आणि रोजची पुस्तके घालावीत, आणि तिथला एखादा जिना एकदा चढून उतरून यावे.